परतीची वाट : नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळण्याच्या कामाचा आढावा

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुढे सरकेनासे झाले. लोकांनी फोन बंद करून पुन्हा चालू केले, घरातला राउटर काढून लावला, रिचार्ज संपला का तेही पाहिलं. बिघाड त्यांच्याकडे नव्हताच. फेसबुकच्या जगभरातल्या डेटा सेंटरना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासायला कंपनीतूनच एक कमांड दिली गेली होती आणि तिनं ते अख्खं जाळंच खाली आणलं. अशा घातक कमांडला अडवण्यासाठी एक तपासणी प्रोग्राम बसवलेला होता. त्यातच दोष होता, म्हणून कमांड पुढे गेली.

त्यानंतर जे घडलं ते जास्त महत्त्वाचं. डेटा सेंटरशी बोलणं तुटलं की आपणच बिघडलो आहोत असं धरून इंटरनेटवरच्या आपल्या पत्त्यांची जाहिरात मागे घ्यायची, अशी फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरना शिकवण होती. त्या रात्री एकाच वेळी सगळ्या सर्व्हरनी ती पाळली. कंपनीच्या नावाचा पत्ता सांगणारं जगात कुणी उरलं नाही. दुरुस्ती करणाऱ्यांची आतली साधनं त्याच नावांवर आणि त्याच जाळ्यावर चालत होती, त्यामुळे तीही गेली. दुरून शिरण्यासाठी ठेवलेला राखीव मार्गही चालेना. शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. तिथली सुरक्षा इतकी कडेकोट की आपल्याच लोकांना राउटरपर्यंत पोचून त्यात बदल करायला वेळ लागला. यात सुमारे सहा तास गेले.

नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर लिहिलं गेलेलं साहित्य कमी नाही. ईव्ही नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं युनिक्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं हँडबुक १९८९ सालचं, टॉम लिमोन्सेली आणि क्रिस्टिना होगन यांचं जाडजूड पुस्तक २००१ सालचं, आणि गूगलच्या इंजिनिअरांनी आपली पद्धत ग्रंथरूपात मांडली ती २०१६ साली. हाताने एकेक सर्व्हर बसवण्यापासून हजारो सर्व्हर प्रोग्रामने चालवण्यापर्यंतचा प्रवास या पुस्तकांतून दिसतो. पण गेल्या पाव शतकातल्या मोठ्या पडझडींचे जे अहवाल खुले आहेत, ते ओळीनं वाचत गेलं की माझ्यापुरता एक निष्कर्ष पक्का होत जातो. बिघाड टाळण्यावर आपण भरपूर खर्च करतो, तरी तो कधी ना कधी होतोच. नुकसान किती होणार हे ठरतं ते परत येण्याची वाट आधी तयार होती का, आणि ती वाट पडलेल्या गोष्टीवर अवलंबून नव्हती ना, यावर.

कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं ८ जुलै २०२२ रोजी पहाटे कोसळलं, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा घडली. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचा फोन आणि इंटरनेट गेलं, दुकानांतले कार्डाचे व्यवहार थांबले, तातडीच्या ९११ क्रमांकाला फोन लागेना. मुख्य जाळ्याच्या सुधारणेचं काम सात टप्प्यांत चाललं होतं आणि सहाव्या टप्प्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. त्याबरोबर मार्गांच्या माहितीचा एवढा लोंढा आत आला की मुख्य राउटरच गुदमरले. राउटर सांभाळण्यासाठीची वाट त्याच जाळ्यातून जात असल्याने इंजिनिअरांना कित्येक तास बिघाड कुठे आहे तेच कळेना. त्यांच्या हातातले मोबाईलही त्याच कंपनीचे होते, म्हणून एकमेकांशी बोलणंही अवघड झालं.

या प्रकरणातला एक तपशील प्रत्येक अ‍ॅडमिननं लक्षात ठेवण्याजोगा आहे. हे काम सुरुवातीला जास्त जोखमीचं म्हणून नोंदलं होतं. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले, आणि त्या यशाच्या हिशेबानं पुढच्या टप्प्यांची जोखीम कागदावर कमी होत गेली. जोखमीची नोंद खाली आली तशी तपासणीही सैल झाली. पाच वेळा काही झालं नाही याचा सहाव्या कामाशी संबंध नव्हता, कारण सहावं काम वेगळं होतं.

चालू व्यवस्थेतल्या सुमारे ७० टक्के बिघाडांचं मूळ कुणीतरी केलेल्या बदलात असतं, असं गूगलचा तो ग्रंथ सांगतो. जगातली सगळी कार्यालयं काही गूगल नाहीत, तरी ज्यानं सर्व्हर रूममध्ये काही वर्षं काढली आहेत त्याला हा आकडा पटेल. मग बदल करायचेच नाहीत का? तसं करून चालत नाही. जुनं तसंच ठेवलेलं यंत्र आणखी धोकादायक होत जातं. उपाय साधा आहे आणि तो क्वचितच पाळला जातो: बदल करण्याआधी तो मागे कसा घ्यायचा ते लिहून काढायचं. लिहिता आलं नाही तर तो बदल अजून तयार झालेला नाही असं समजावं. अवजारांत याची सोयही आहे. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ वापरून बदल केला आणि ठरलेल्या मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही, तर राउटर आपण होऊन जुन्या कन्फिगवर परततो. सिस्कोच्या राउटरवर अनुभवी लोक आधी काही मिनिटांनंतरचा रीलोड लावून ठेवतात आणि बदल सेव्ह न करता करून पाहतात. संपर्क तुटलाच तर राउटर रीलोड होऊन जुन्या स्थितीत येतो, सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द करायचा. नाशिकमध्ये बसून नांदेडच्या शाखेतल्या फायरवॉलला हात लावणाऱ्यासाठी ही एवढी सवय रात्रीचा प्रवास वाचवते.

अ‍ॅमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेचा २८ फेब्रुवारी २०१७ चा बिघाड एका कमांडमधल्या चुकीच्या आकड्यानं झाला. थोडे सर्व्हर काढायचे होते, त्याहून बरेच जास्त निघाले. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांच्या आसपास गेले आणि तेवढा वेळ अर्धं इंटरनेट लंगडत होतं. सेवा चालू आहे की बंद हे ग्राहकांना दाखवणारं अ‍ॅमेझॉनचं पानही एस३वर अवलंबून होतं, म्हणून सुरुवातीला तेही बदलता येईना. कंपनीनं नंतर त्या अवजारात फरक केला: ते सर्व्हर हळूहळू काढू लागलं आणि किमान संख्येच्या खाली जायला नकार देऊ लागलं. ‘यापुढे काळजी घ्यावी’ असं परिपत्रक काढण्यापेक्षा हा उपाय कितीतरी भक्कम आहे.

आता बॅकअप. या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे आपली स्थिती मला सर्वांत काळजीची वाटते.

गिटलॅब ही प्रोग्रामरांचं काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनिअर डेटाबेसची मागे पडलेली दुसरी प्रत दुरुस्त करत होता. दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून त्यानं मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. चूक लक्षात येऊन त्यानं हात आवरला तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. इथपर्यंत ही रोजच्या धोक्यातली गोष्ट. खरा धक्का पुढे बसला. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या, त्यांतली एकही त्या रात्री नीट उपयोगी पडली नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप व्हर्जन न जुळल्यामुळे केव्हापासून निकामी होता, आणि तो निकामी असल्याचे सूचनेचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. कंपनी वाचली ती त्या इंजिनिअरनं सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. सहा तासांचं काम गेलं, बाकी परत आलं.

बॅकअप घेतला जातो आहे, हे विधान म्हणूनच मी आता अर्धंच मानतो. शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला आणि त्याला किती तास लागले, हे विचारायला हवं. आपल्याकडच्या लहान कार्यालयांत चित्र ओळखीचं असतं. टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर असतो आणि पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला कायमचा लावलेला असतो. रॅन्समवेअर शिरलं की आधी समोरच्या फाइली आणि लगेच पेनड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद होतात. क्लाउडशी आपोआप जुळणारं फोल्डर हाही पुरेसा बॅकअप नव्हे, कारण इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला नियम आजही पुरतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. त्यात आजच्या काळाची भर एवढीच की एक प्रत तरी कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नसावी.

दुसऱ्या जागेचं महत्त्व आगीनं दोनदा दाखवलं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथं ओव्हीएच कंपनीची एक डेटा सेंटर इमारत जळून गेली आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते अशा ग्राहकांचं दोन्ही गेलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. शेकडो सरकारी सेवा थांबल्या, आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवण्याच्या ‘जी-ड्राइव्ह’मधला ८५८ टेराबाइट डेटा गेला. डेटा फार मोठा आहे म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. इतक्या प्रगत देशात असं घडतं, तर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्व्हर रूमबद्दल गाफील राहून चालणार नाही.

परतीची वाट योगायोगानं उरल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मर्स्क या जहाज कंपनीचं आहे आणि त्याचा धागा आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत येतो. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नोटपेट्या हे मालवेअर सुटलं आणि जगभर पसरलं. मर्स्कच्याच गटातल्या कंपनीचं या बंदरातलं कंटेनर टर्मिनल विस्कळित झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे हे सांगणारी यंत्रणा गेली आणि जमेल तेवढं काम हाताने चालवावं लागलं. कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी नंतर डाव्होसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्यानं बसवावे लागले.

पण नव्यानं बसवायचं कशाच्या आधारावर? कोण कर्मचारी आणि कुणाला कुठे प्रवेश, याची यादी ज्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरवर असते, ते जगभरातले सगळे पुसले गेले होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवत असल्याने एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील हे धरलेलं नव्हतं. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी ‘वायर्ड’ मासिकात २०१८ साली दिलेल्या वृत्तान्तानुसार घानामधल्या कार्यालयातला एक सर्व्हर शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. प्रती एकमेकींशी सतत जुळत राहणं आणि बॅकअप असणं यातला फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसतो.

नोटपेट्या ज्या दारांनी पसरलं त्यांतलं एक दार बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिला होता. म्हणून तेव्हापासून ‘पॅच ताबडतोब लावा’ हा सल्ला सर्वमान्य झाला. मग १९ जुलै २०२४ उजाडला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर आणून सोडले. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर त्या शुक्रवारी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं होतं. तोवर जी यंत्रं पडली ती आपोआप उठणार नव्हती. प्रत्येकापाशी माणूस जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल काढणं भाग होतं. जिथे डिस्क बिटलॉकरनं बंद होती तिथे आधी रिकव्हरी कीचा शोध, आणि काही ठिकाणी त्या कीची यादी अशाच पडलेल्या सर्व्हरवर.

या दोन घटना एकमेकींच्या विरुद्ध बाजूला उभ्या आहेत आणि मधला मार्ग काढताना मी पॅचच्या बाजूला झुकतो. इंटरनेटला तोंड करून उभ्या असलेल्या फायरवॉल, व्हीपीएन, मेल सर्व्हर यांचे पॅच त्याच दिवशी लागले पाहिजेत. आतल्या कॉम्प्युटरांना आधी चार-पाच यंत्रांवर लावून, एक दिवस पाहून, मग बाकीच्यांना. क्राउडस्ट्राइकच्या ग्राहकांपैकी अनेकांनी असे टप्पे पाडलेले होते, पण त्या प्रकारच्या अपडेटला ते लागूच होत नव्हते. त्या घटनेनंतर कंपनीनं तेही टप्प्याटप्प्यानं पाठवायला आणि ग्राहकाच्या हाती देण्यास सुरुवात केली. प्रत्येक प्रकारच्या अपडेटला असे टप्पे पाडता येतात का, हा प्रश्न विकत घेताना व्हेंडरला विचारायचा असतो हे आता सगळ्यांना कळलं आहे.

रोजच्या कामातल्या लहान गोष्टींपैकी डीएनएस, घड्याळ आणि सर्टिफिकेट या तिघांनी सर्वांत जास्त रात्री खाल्ल्या असतील. २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या, एका डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद रिकामी झाली आणि तिच्यावर टेकलेल्या सेवा जगभर कोलमडल्या. सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओ२ कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाईल डेटा गेला. दोष एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या मुदतीचा होता. सर्टिफिकेटची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्यानं कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. डायरीत तारीख लिहून नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. ते आपोआप होईल अशी व्यवस्था आताच बसवायला घ्यावी.

नेटवर्कमधला लूप हा त्याहून जुना शत्रू. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री ही लूप तोडणारी पद्धत शोधून काढली ती त्याच्याचसाठी. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचं नेटवर्क एकेक इमारत जोडत वाढत गेलं, स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर पसरलं, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये कोसळलं. चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं. प्रयोगशाळेचे निकाल माणसांनी धावत पोचवले. आपल्याकडे असंच वाढतं: नव्या टेबलासाठी नवा लहान स्विच, त्याला आणखी एक. मग कुणीतरी लोंबकळणारी केबल रिकाम्या पोर्टमध्ये खोचतं आणि अख्खा मजला बंद पडतो. मॅनेज्ड स्विच घेऊनही त्यातली स्पॅनिंग ट्रीची सोय बंद ठेवलेली कार्यालयं पुष्कळ आहेत. कोणती केबल कुठून कुठे जाते हे तिच्या दोन्ही टोकांना लिहून ठेवलं तर अर्धी शोधाशोध वाचते. यूपीएसच्या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांत दम सोडतात; पावसाळ्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून त्या खरंच किती मिनिटं टिकतात ते पाहावं.

बिघाडाप्रमाणे हल्लाही वेळेवर लक्षात यावा लागतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच मधे घातला. तो कोअर बँकिंगला न विचारताच होकार देत राहिला आणि २८ देशांत बनावट कार्डांवर पैसे निघाले. काही आपल्या कोल्हापुरातही. दिवस निवडला होता शनिवारचा. या प्रकारातून सहकारी बँकांनी घ्यायचा धडा माझ्या मते फायरवॉल आणखी महाग घेण्याचा नाही. मंजूर झालेले व्यवहार आणि कोअर बँकिंगमधले व्यवहार दर काही मिनिटांनी ताडून पाहणारी, आणि न जुळल्यास माणसाला उठवणारी व्यवस्था हवी, शनिवार-रविवारीसुद्धा. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि जवळपास ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार देशाच्या जाळ्यापासून तात्पुरते तोडावे लागले. सेवा बाहेर दिली तरी ती पडल्यावर आपण कसे चालू राहणार, याचं उत्तर बँकेपाशीच असावं लागतं.

हे सगळं करायचं कुणी? तालुक्याच्या पतसंस्थेत, कॉलेजात, नगरपालिकेत हे काम बहुधा एकट्या माणसावर असतं. प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळं त्याच्याकडे, सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि बाकी एएमसीवाल्याच्या भरवशावर. तो आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला तर परतीची वाटच नाहीशी होते. पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत हवेत, जाळ्याचा नकाशा कागदावर छापलेला हवा, व्हेंडर आणि इंटरनेट कंपनीचे फोन नंबर भिंतीवर हवेत. पडलेल्या सर्व्हरवरची फाइल त्या दिवशी उघडणार नाही. आणि त्या माणसाला दुसरा जोडीदार हवा. रात्री उशिरा, थकलेल्या हातांनी एकट्यानं मुख्य सर्व्हरवर कमांड देणं हे गिटलॅबच्या गोष्टीतलं पहिलं पाऊल होतं.

गिटलॅबनं त्या इंजिनिअरला काढलं नाही. डेटा परत आणण्याचं काम त्यांनी लोकांसमोर थेट प्रक्षेपित केलं आणि कोणती पद्धत का फसली ते सविस्तर लिहून जाहीर केलं. बॉस्टनच्या रुग्णालयाचे तेव्हाचे आयटी प्रमुख जॉन हलामका यांनी आपल्या नेटवर्कची कहाणी उघडपणे सांगितली. रॉजर्सच्या घटनेची कॅनडाच्या नियामकानं स्वतंत्र चौकशी करून घेतली आणि तिचा सारांश २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. वर मी जे तपशील देऊ शकलो ते या मोकळेपणामुळे.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि १८० दिवसांचे लॉग जपणं बंधनकारक केलं, यंत्रांची घड्याळं सरकारी घड्याळाशी जुळवायला सांगितलं. हे सगळं योग्यच आहे; घड्याळं जुळलेली नसतील तर लॉगमधून काही सिद्ध होत नाही. पण ही माहिती वर जाते आणि तिथून सविस्तर अहवाल होऊन खाली येत नाही. कॉसमॉस प्रकरणात आपल्याला जे कळलं ते बातम्यांतून आणि पोलीस तपासातून. सांगलीच्या बँकेतल्या अ‍ॅडमिनला लातूरच्या बँकेत काय घडलं ते कधी वाचायला मिळत नाही, मग तोच बिघाड त्याच्याकडे नव्यानं घडतो. रिझर्व्ह बँक किंवा सहकारी बँकांचे महासंघ असे अहवाल संस्थांची नावं गाळून छापू शकतात. पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, कोणती सूचना कुणापर्यंत पोचली नाही, कोणता बॅकअप उघडला आणि कोणता उघडला नाही, आणि काम पुन्हा सुरू व्हायला किती तास लागले, एवढं त्यात असलं तरी खालच्या अ‍ॅडमिनला आपल्या सर्व्हर रूममध्ये काय तपासायचं ते कळेल.